साडेसहा लाखांची विलायती रायफल घ्यावी का?

वाचकांचा प्रश्न

बालाघाटच्या डोंगररांगेजवळ राहणाऱ्या ५२ वर्षांच्या एका वाचकांनी हे पत्र पाठवले आहे. त्यांची पंचवीस एकर शेती आणि खत-बियाण्यांचे दुकान आहे. पिकाच्या राखणीसाठी घेतलेला बारा बोरच्या डबल बार (दोन नळ्यांच्या; बोर म्हणजे नळीचे माप) बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर आहे. शेजारच्या गावातील देशमुखांच्या वाड्यात लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोरची जुनी बोल्ट रायफल (हाताने दांडा, म्हणजे बोल्ट, मागे-पुढे करून काडतूस भरायची) आहे. वाचकांचे वडील देशमुखांबरोबर शिकारीला जात असत, आणि शिकारीहून परतल्यावर ती रायफल पुसून ठेवण्याचे काम लहानपणी यांच्याकडे असे. देशमुख दीड वर्षापूर्वी वारले. रायफल अजून वाड्यातच कुलपात आहे, आणि पुण्यात राहणारी त्यांची मुले ती साडेसहा लाख रुपयांना द्यायला तयार आहेत. वाचकांचे म्हणणे असे की तसे पोलाद आता बनत नाही, अशा वस्तूची किंमत कधी उतरत नाही, शिवाय रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून सोयाबीन व तूर राखायला ती कामाला येईल. थोरल्या भावाला हे पटत नाही. एवढ्या पैशात सोने घ्यावे किंवा ते मुलीच्या शिक्षणासाठी ठेवावेत, असे त्यांचे मत आहे. ही रायफल खरोखर एवढ्या किमतीची आहे का, असा वाचकांचा प्रश्न आहे.

उत्तर

नमस्कार,

तुम्ही प्रश्न एकच विचारला असला तरी त्याच्या पोटात तीन समजुती आहेत. जुने पोलाद श्रेष्ठ असते, अशा वस्तूची किंमत उतरत नाही, आणि पीक राखायला रायफल उपयोगी पडते. यांतली पहिली समजूत अर्धी खरी आहे, दुसरी मला डळमळीत वाटते आणि तिसरी तुम्ही मनातून काढूनच टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या साऱ्याच्या आधी, तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या एका गोष्टीबद्दल बोलणे मला तातडीचे वाटते.

देशमुख जाऊन दीड वर्ष झाले आणि रायफल अजून वाड्यातच आहे, असे तुम्ही लिहिता. शस्त्राचा परवाना माणसाच्या नावावर असतो, घराण्याच्या नावावर नसतो. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यावर ते शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार आपोआप कोणाकडेही जात नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. एकदा बंदूक ठाण्यात गेली की परत मिळत नाही, अशी भीती आपल्याकडे अनेक घरांत आहे आणि त्या भीतीपोटी लोक ती माळ्यावर किंवा कपाटात दडवून ठेवतात. पण जमा केल्याने वारसांचा हक्क बुडत नाही. रीतसर पावती घेऊन जमा केलेली बंदूक वारसांना पुढे स्वतःच्या नावावर परवाना मिळवून परत घेता येते, किंवा ज्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे अशा माणसाला विकता येते. जमा न केलेली बंदूक मात्र बेकायदा ठरते, आणि तिच्याबरोबर डब्यात राहिलेली काडतुसेही. म्हणून तुम्ही देशमुखांच्या मुलांना पहिली गोष्ट सांगायची ती किमतीची नव्हे, जमा करण्याची. तोवर ती रायफल तुम्ही 'एकदा घरी नेऊन बघतो' म्हणूनसुद्धा हातात घेऊ नये, कारण तुमच्या परवान्यावर तिची नोंद नाही आणि अशा वेळी चांगल्या हेतूचा बचाव चालत नाही.

आता तुमच्या परवान्याकडे येऊ. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला परवाना कायद्याने मुख्यतः गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा असतो. आतून आटे पाडलेल्या नळीची रायफल हा वेगळा प्रकार आहे आणि तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र मागणी करावी लागते, जी मान्य होईलच असे नाही. .२७५ बोर निषिद्ध (सामान्य नागरिकांना बंदी असलेल्या) बोरांत मोडत नाही, एवढी बाजू तुमच्यासाठी अनुकूल आहे. हीच रायफल .३०३ ची असती तर ती लष्करी काडतूस वापरणारी म्हणून निषिद्ध ठरली असती आणि विषय तिथेच संपला असता. विकणाऱ्याच्या बाजूनेही एक अट आहे. स्वतःच्या वापराचे शस्त्र दुसऱ्याला विकायचे असेल तर घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. याचा तुमच्यापुरता सरळ अर्थ असा, की तुमच्या परवान्यावर रायफल मंजूर होण्याआधी इसारादाखल एक रुपयाही देऊ नका. मंजुरी नाकारली गेली तर पुण्यातल्या वारसांकडून इसार परत मागताना दोन घरांचा तीन पिढ्यांचा घरोबा पणाला लागेल.

यानंतर तुमचा मूळ प्रश्न. तो मला मनापासून आवडला, कारण जुन्या बोल्ट रायफलींबद्दलचे प्रेम ही निव्वळ हौस नसते. त्या यंत्रात जीव गुंतावा असे खरोखर काही आहे.

तुम्ही लहानपणी जी रायफल पुसत होतात, तिच्या अंगावर नाव रिग्बीचे असले तरी तिचे काळीज जर्मन आहे. पॉल माउझर यांनी १८९८ मध्ये जी रचना पक्की केली, तीच रिग्बी कंपनीने आपल्या शिकारी रायफलींसाठी वापरली. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून बोल्टचा सांगाडा यायचा आणि लंडनमध्ये त्यावर नळी, दस्ता, माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि हातकाम चढायचे. .२७५ रिग्बी हे काडतूससुद्धा माउझरच्या ७ गुणिले ५७ मिलिमीटर काडतुसाचेच इंग्रजी नाव आहे. या रचनेत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खुंट्या असतात, मागे तिसरी खुंटी राखीव म्हणून असते, आणि बोल्टच्या कडेने एक लांब, रुंद पकड बसवलेली असते. काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणी ही पकड त्याची कड धरते आणि गोळी सुटून रिकामे कवच बाहेर फेकले जाईपर्यंत सोडत नाही. त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट मागे ओढून पुन्हा पुढे ढकलला तरी एकाच्या पाठीत दुसरे काडतूस अडकत नाही. काडतुसाचे कवच फुटलेच तर गरम वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर न येता बाजूला जावा, यासाठी बोल्टला भोकेही ठेवलेली असतात. जखमी रानडुकरासमोर किंवा वाघासमोर उभे राहणाऱ्या माणसाला या गोष्टींचे मोल प्राणाएवढे होते, आणि सव्वाशे वर्षांनंतरही अनेक नव्या शिकारी रायफली हीच रचना थोड्याफार फरकाने वापरतात.

तरीही 'तसे पोलाद आता बनत नाही' हे म्हणणे मला मान्य नाही. त्या काळचे सांगाडे कमी कार्बनच्या पोलादाचे असत. वरून कठीण आणि आतून चिवट राहावेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागाला पाणी दिलेले असे, आणि त्या काळच्या काडतुसांच्या दाबाला ते उत्तम पुरत. आजचे मिश्र पोलाद त्यापेक्षा एकसारखे असते आणि त्याला दिलेली उष्णता मोजूनमापून दिलेली असते. नळ्यांच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा आहे. आज परदेशात मिळणारी मध्यम किमतीची साधी रायफल दुर्बीण लावून शंभर मीटरवर तीन-चार सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसवते. जुन्या रायफलीवरची उघडी माशी बघून हे साधणे फार थोड्या लोकांना जमते, आणि पन्नाशीनंतर डोळ्यांना जवळची खाच व दूरची माशी एकदम स्पष्ट दिसणे अवघड होत जाते, हेही तुम्ही मोजणीत धरायला हवे. दुर्बीण बसवायला जुन्या सांगाड्यात भोके पाडली, तर जाणकारांच्या लेखी तिची निम्मी किंमत त्याच दिवशी जाते.

आज स्वस्तात मिळत नाही ते हातकाम. अक्रोडाच्या लाकडाचा धाग्यांची दिशा बघून कोरलेला दस्ता, कानशीने घासून बसवलेला बोल्ट, नळीवर पातळ निळसर काळी चढवलेली झळाळी, या गोष्टी माणसाच्या तासांवर उभ्या असतात आणि माणसाचा तास महाग झाला आहे. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० ही रायफल या बाबतीत चांगले उदाहरण आहे. ती १९३६ मध्ये बाजारात आली, १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने तिची घडण बदलली आणि ती लांब पकडही काढून टाकली. गिऱ्हाइकांना ते इतके खुपले की १९६४ पूर्वीच्या रायफलींना आजही वेगळा, चढा भाव मिळतो. पण कंपनीने १९९० च्या दशकात ती पकड पुन्हा आणली, आणि तेव्हापासून ज्याला केवळ चांगली रायफल चालवायची आहे त्याला जुनीच घेण्याची गरज तिथे उरलेली नाही. जुनीला मिळणारा जास्तीचा भाव संग्राहकांचा आहे. वस्तू चालते कशी आणि वस्तू हवीशी का वाटते, हे दोन हिशेब त्या बाजारात वेगळे पडतात. आपल्याकडे ते एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि तुमच्या साडेसहा लाखांचे कोडे तिथेच आहे.

भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना विदेशी बंदुका सर्रास आयात करता येत नाहीत. नामवंत नेमबाज किंवा परदेशातले बिऱ्हाड हलवून कायमचे परतणारे यांच्यासारख्यांना मर्यादित मुभा आहे, एवढेच. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, मानलिशर, बीएसए अशा रायफलींचा जेवढा साठा आहे तेवढाच आहे, आणि तो वर्षागणिक झिजत चालला आहे. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळात जहागीरदार, देशमुख आणि बडे अधिकारी यांच्याकडे ज्या विलायती बंदुका आल्या, त्या याच साठ्याचा भाग. तुम्हाला सांगितलेल्या किमतीत रायफलीचे गुण थोडे आहेत, नावाचा मान त्याहून थोडा अधिक आहे, आणि मोठा वाटा या बंद दरवाजाचा आहे. रिग्बीच्या .२७५ ला तर जिम कॉर्बेट यांच्या नावाचेही वलय आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली होती. विकणारे ही गोष्ट आवर्जून सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याच रायफलीने ती वाघीण मारल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात रायफल बक्षीस म्हणून नंतर आली. अशा कथांचे पैसे द्यायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मी देणार नाही.

किंमत उतरत नाही या समजुतीला मी डळमळीत म्हणालो ते यामुळे. सरकारी धोरणाने वाढलेली किंमत सरकारी धोरणानेच उतरू शकते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि ज्यांच्याकडे तिसरे शस्त्र होते त्यांना ते वर्षभरात जमा करावे लागले किंवा त्याची विल्हेवाट लावावी लागली. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. आयातीचे नियम उद्या सैल झाले तर काय होईल, याचा विचार गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने करायलाच हवा. त्याहून मोठा प्रश्न विकण्याचा आहे. मुलीच्या प्रवेशासाठी अचानक पैसे लागले, तर सोने तुम्ही लातूरच्या किंवा बीडच्या सराफ्यात दुपारपर्यंत मोडू शकता. रायफल विकायला आधी असा माणूस शोधावा लागेल, ज्याच्याकडे परवाना आहे, परवान्यावर रायफलीची मंजुरी आहे, दोनांपैकी एक जागा रिकामी आहे आणि हाताशी साडेसहा लाख रुपये आहेत. त्यानंतर ते ४५ दिवस. जी वस्तू गरजेच्या वेळी पैशात बदलता येत नाही तिला गुंतवणूक म्हणणे मला पटत नाही, आणि या मुद्द्यावर मी तुमच्या थोरल्या बंधूंच्या बाजूचा आहे. दोन शस्त्रांच्या मर्यादेचा आणखी एक परिणाम तुमच्यावर होईल. तुमची एक जागा बारा बोरने अडवली आहे. दुसरीत ही रायफल आली, तर पुढे कधी घरातली वारशाची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी दुसरे काही घ्यायचे झाल्यास आधी यांतले एक सोडावे लागेल.

पिकाच्या राखणीबद्दल मात्र मला आग्रहाने बोलायचे आहे. रानडुकरांनी एका रात्रीत उपटलेली भुईमुगाची सरी आणि रोह्यांच्या कळपाने तुडवलेली तूर मी पाहिली आहे, आणि त्या नुकसानीचा संताप मला समजतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही बंद केले, आणि आज पिकाची नासधूस करणारे जनावरसुद्धा वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. आपल्या माळावर रोह्यांच्या बरोबरीने काळविटेही चरतात आणि काळवीट कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात झालेली एक चूक तुरुंगापर्यंत नेऊ शकते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी रायफल या कामाचे हत्यार नाही. बारा बोरचे छर्रे काही शे मीटरच्या आत जमिनीवर पडतात. .२७५ ची गोळी वर रोखली गेली किंवा निशाणा चुकून पुढे गेली, तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत प्राणघातक राहू शकते. डोंगराळ जंगलात मागे टेकडीचा आडोसा असतो. आपल्या सपाट काळ्या रानात मागे दुसऱ्याचे शेत असते, त्यात रात्री पाणी द्यायला आलेला माणूस असतो, पलीकडे वस्ती असते. म्हणून या कारणासाठी तुम्ही रायफलीचा विचारही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिकाचे नुकसान झाले की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा, आणि साडेसहा लाखांतला छोटा हिस्सा सौर कुंपणासाठी काढून ठेवावा. तो पैसा दरवर्षी पीक वाचवील.

मग राहतो तो एकच सरळ हेतू: ही रायफल तुम्हाला तिच्यासाठीच हवी आहे. हा हेतू मी कमी प्रतीचा मानत नाही. उलट, एवढे पैसे देण्याचे तेच एक खरे कारण असू शकते. पण त्या हेतूने घेणाऱ्याने आधी नळी बघावी. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत, किनॉकसारख्या नामांकित इंग्रजी बनावटीतसुद्धा, असे क्षार असत जे गोळी सुटल्यावर नळीत चिकटून राहत आणि हवेतली ओल शोषून पोलाद खात. हे क्षार तेलाने निघत नाहीत, आधी गरम पाण्याने धुवावे लागतात. तुम्ही लहानपणी ती रायफल तेलाच्या फडक्याने मन लावून पुसली असेल, पण नळी पाण्याने धुतली जात होती का, हे आठवून पाहा. बाहेरून आरशासारखी दिसणारी रायफल आतून खड्ड्यांनी भरलेली निघाल्याची उदाहरणे या व्यवहारात नेहमीची आहेत.

रायफल शस्त्रविक्रेत्याकडे जमा झाली तर त्याच्याच दुकानात जाणकार गनस्मिथकडून ती तपासून घ्या. नळीचे आटे दोन्ही टोकांना धारदार आहेत का, बोल्टवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे स्पष्ट आहेत का, दस्ता मूठ धरायच्या अरुंद जागी चिरून पुन्हा चिकटवलेला आहे का, नंतर कोणी नळी बदलली आहे का, काडतूस बसते ती जागा मापात आहे का, सुरक्षेचा खटका लावल्यावर चाप खरोखर अडतो का. अक्षरांच्या कडा बोथट आणि झळाळी नवी दिसली, तर ती घासून पुन्हा काळी केलेली आहे असे समजावे. चालवण्यात त्याने फरक पडत नाही, पण किमतीत मोठा पडतो. रिग्बी कंपनी आजही लंडनमध्ये आहे आणि तिच्या जुन्या वह्यांमध्ये रायफली क्रमांकाप्रमाणे नोंदलेल्या आहेत. क्रमांक कळवून आणि शुल्क भरून ती रायफल कोणत्या साली, कोणत्या बोरमध्ये आणि कोणासाठी बनली, हे विचारता येते. वाड्यातली जुनी कागदपत्रे हैदराबाद संस्थानातली, उर्दूत असतील, तर तीही जपून भाषांतरित करून घ्यायला सांगा. कागद असलेली रिग्बी आणि कागद नसलेली रिग्बी यांच्या भावात न्याय्य फरक असतो.

काडतुसांचाही प्रश्न आहे. आपल्या सरकारी कारखान्यांची .३१५ बोरची रायफल गावोगावी परवानाधारकांकडे दिसते, कारण तिची काडतुसे देशातच बनतात आणि मिळतात. .२७५ ची काडतुसे बाहेरून आलेली, थोडी आणि महाग असतात. वाड्यात सापडलेली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची काडतुसे चालवण्याचा मोह कृपा करून धरू नका. आणि काडतुसे मिळाली तरी ती चालवणार कुठे? शेतात चालवणे योग्य नाही, शिकार नाही, आणि आपल्या भागातल्या बहुतेक नेमबाजी केंद्रांवर एअर रायफल किंवा .२२ यांचीच सोय असते. या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे नसेल, तर साडेसहा लाख रुपये कुलपातल्या वस्तूसाठी जातील, जी निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागू शकते.

या सगळ्याचा विचार करून माझे मत असे, की आज सांगितलेल्या किमतीला ती घेऊ नका. नळी न बघता, कागद न बघता सांगितलेला आकडा हा भाव नसतो, ती अपेक्षा असते. नळी चांगली निघाली, क्रमांक जुळले, लंडनहून नोंद आली, तुमच्या परवान्यावर मंजुरी मिळाली आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवून वर एवढी रक्कम तुमच्याकडे खरोखर मोकळी असेल, तर बोलणी करायला हरकत नाही. तेव्हाही देशमुखांच्या मुलांना हे मोकळेपणाने सांगा की त्यांच्या समोरचे गिऱ्हाईक फार थोडे आहे. पण त्यांची अडचण झाली म्हणून कवडीमोल भावही मागू नका. जाणकाराने काढलेली किंमत दोघांनी मान्य करावी. यांतली एकही अट पुरी होत नसेल, तर ती दुसऱ्या परवानाधारकाकडे गेलेली बरी.

तुमच्या पत्रात किमतीपेक्षा जास्त ओळी वडिलांबद्दल आहेत, हे माझ्या लक्षात आले आहे. त्या आठवणीसाठी रायफल विकत घेणे हा एकच मार्ग नाही. अशा वाड्यांत शिकारीचे फोटो आणि हिशेबाच्या वह्या हमखास असतात, आणि पुण्यात राहणाऱ्या मुलांना त्यांचे तेवढे महत्त्व नसते. वडिलांचा फोटो निघाला तर तो मागून घ्या. त्याला परवाना लागत नाही. नेमबाजीचीच ओढ असेल, तर ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंत जोर असलेली एअर रायफल विनापरवाना घेता येते आणि ती रीतसर शिकायला मुलीलाही बरोबर नेता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या खेळाकडे बघण्याची आपल्या घराघरांतली नजर बदलली आहे.

ज्या वाचकांच्या घरी अशी जुनी रायफल आहे आणि परवानाधारक हयात आहेत, त्यांनी देशमुखांच्या घरासारखी वेळ येऊ देऊ नये. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षे झाली, तर ते हयात असतानाच आपल्या वारसांपैकी एकाचे नाव सुचवून परवाना त्याच्या नावे करून मागू शकतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेत करावा, मूळ परवाना आणि खरेदीची पावती जोडावी, आणि ज्याच्या नावे शस्त्र करायचे त्याला ते खरोखर हवे आहे का, हे अर्ज लिहिण्याआधी त्याला विचारून घ्यावे.